अक्षर कुणाच्या हाताचं? कॉमिक सॅन्सचा इतिहास आणि आपली पत्रकं

मागच्या वर्षी १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रसंग घडला. तेव्हा तो आम्हाला किरकोळ वाटला होता. नववीतल्या एका मुलीने जयंतीच्या व्याख्यानाचं पत्रक मोबाइलवर तयार केलं. निळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात पुस्तक आणि पेन, मजकूर हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या एका फुकट फॉन्टमध्ये. डिझाइन शिकलेला आमचाच एक तरुण सहकारी ते पाहून हसला. म्हणाला, "हे तर मराठीतलं कॉमिक सॅन्स झालं. असलं छापलं तर लोक आपल्याला सिरियसली घेणार नाहीत." आम्हीही मान डोलावली. पत्रक त्याने दुसऱ्या, 'नीट' फॉन्टमध्ये करून दिलं, ते छापलं, वाटलं. कार्यक्रम चांगला झाला. त्या मुलीने मात्र नंतर वर्षभर अभ्यासिकेसाठी एकही पत्रक केलं नाही.

विचारलं तेव्हा म्हणाली, "दादा चांगलं करतात ना. माझं बालिश दिसतं."

त्या दिवशी 'बालिश' हा शब्द आमच्यापैकी कुणीही उच्चारला नव्हता. तरी तो तिच्यापर्यंत पोचला होता. तो कसा पोचला, हे शोधताना आम्हाला आधी कॉमिक सॅन्सचा इतिहास वाचावा लागला आणि मग आपल्या घरातला. दोन्हीकडे एकच प्रश्न सापडला. छापलेलं प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी हाताची नक्कल असतं. मग नक्कल करण्यालायक हात कुणाचा, हे कोण ठरवतं?

एका कुत्र्यासाठी काढलेलं अक्षर

१९९४ साल. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनी 'बॉब' नावाचा प्रोग्राम तयार करत होती. ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही अशा लोकांसाठी तो होता. पडद्यावर घराची खोली दिसायची आणि रोव्हर नावाचा कार्टून कुत्रा फुग्यातून बोलून मदत करायचा. तिथे काम करणारे अक्षररचनाकार व्हिन्सेंट कोनार यांनी त्याची कच्ची आवृत्ती पाहिली. कुत्रा बोलत होता टाइम्स न्यू रोमनमध्ये! हे अक्षर लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रासाठी बनलं आणि १९३२ पासून तिथे छापलं जाऊ लागलं. अग्रलेखाचं अक्षर कुत्र्याच्या तोंडी शोभत नाही, असं कोनार यांना वाटलं.

त्यांनी कॉमिक पुस्तकं समोर ठेवली. त्यांत 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि 'वॉचमेन' ही दोन होती. त्यांतल्या फुग्यांमधल्या हाती लिहिलेल्या अक्षरांची धाटणी घेऊन त्यांनी पडद्यावर माउसने अक्षरं काढली. रेघेची जाडी जवळपास सारखी, टोकं गोल, ओळीत थोडा हेलकावा. नाव पडलं कॉमिक सॅन्स. 'सॅन्स' म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा नसलेलं.

गंमत अशी की बॉबमध्ये हा फॉन्ट बसलाच नाही. पडद्यावरची मापं टाइम्सच्या हिशोबाने आखून झाली होती आणि नवं अक्षर त्यांत मावेना. बॉब १९९५ मध्ये बाजारात आला आणि लवकरच बंद पडला. कॉमिक सॅन्स मात्र टिकला. तो मुलांच्या 'थ्रीडी मूव्ही मेकर'मध्ये गेला, विंडोज ९५ च्या जोडपॅकमध्ये गेला आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी फुकट दिलेल्या फॉन्टच्या संचातही आला.

पुढचं कुणीच ठरवलेलं नव्हतं. शिक्षिकांनी त्यात वर्गातल्या सूचना लिहिल्या, आयांनी वाढदिवसाची निमंत्रणं केली, दुकानदारांनी 'आज बंद आहे' लिहून दाराला चिकटवलं. हाताने लिहिल्यासारखी अक्षरं त्याआधीही होती. अमेरिकेत १९३९ चं 'बलून' होतं, १९५० च्या सुमाराचं 'डॉम कॅज्युअल' होतं. पण ती धातूच्या खिळ्यांची होती. छापखान्यात आणि जाहिरात कंपन्यांतच ती वापरली जायची. कोणतं अक्षर कुठे लावायचं, हे शिकलेला माणूस ठरवायचा. कॉम्प्युटर आला आणि अक्षर निवडण्याचा अधिकार न शिकलेल्या माणसाच्या बोटापाशी आला. त्याने यादी उघडली आणि त्यातलं सगळ्यात कमी भीती दाखवणारं अक्षर उचललं.

बंदीची हाक

१९९९ मध्ये इंडियानापोलिस शहरात डेव्ह आणि हॉली कोम्ब्स या दोन डिझायनरना मुलांच्या संग्रहालयाच्या कामासाठी हाच फॉन्ट वापरायला सांगितलं गेलं. त्या वैतागातून त्यांनी 'कॉमिक सॅन्सवर बंदी आणा' ही मोहीम सुरू केली. तिच्यात थट्टेचा भाग मोठा होता. पण डिझाइनच्या जगात ती थट्टा प्रवेशपरीक्षा होऊन बसली. कॉमिक सॅन्सला हसता येणं म्हणजे 'आपल्यातला' असणं.

आता ४ जुलै २०१२ चा दिवस पाहा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन म्हणावा असा कण सापडल्याचं जाहीर झालं. पदार्थविज्ञानातली ती कित्येक दशकांची प्रतीक्षा होती. 'अ‍ॅटलस' प्रयोगाच्या वतीने निष्कर्ष मांडले फाबिओला जियानोत्ती या शास्त्रज्ञ बाईंनी. त्यांच्या स्लाइड कॉमिक सॅन्समध्ये होत्या. सोशल मीडियावर त्या दिवशी कणाइतकीच चर्चा फॉन्टची झाली. विश्वाच्या रचनेबद्दल बोलणाऱ्या बाईला लोक अक्षरावरून हसत होते. २०१४ च्या १ एप्रिलला सर्ननेच 'आता आमचं सगळं कॉमिक सॅन्समध्ये' असं जाहीर करून त्या हसण्याची फिरकी घेतली. २०१६ मध्ये जियानोत्ती सर्नच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडचा संघ सोडून गेला. संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच्यावर आग ओकणारं जाहीर पत्र काढलं, तेही कॉमिक सॅन्समध्ये. त्या पत्राचंही हसू झालं, आणि ते हसणं आम्हाला रास्त वाटतं. तिथे रागाचा आवाज आणि अक्षराचा आवाज जुळत नव्हता. मजकुराला अक्षर शोभत नाही, ही टीका आहे. अमुक अक्षर वापरणारा माणूसच अडाणी, हा तुच्छतेचा शेरा आहे. या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवू.

कॉमिक सॅन्सच्या बाजूने एक मोठी साक्षही आहे. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या मार्गदर्शिकेत एरियलसोबत कॉमिक सॅन्सचं नाव घेते, कारण अशा फॉन्टमध्ये अक्षरांची गर्दी कमी भासते. वाचताना ज्यांची अक्षरं एकमेकांत मिसळतात, त्यांच्यातल्या अनेकांना हे अक्षर जवळचं वाटतं. त्यांना ते सुंदर आहे की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

नक्कल कुणाच्या हाताची?

छपाईच्या सुरुवातीपासून टाइप हा हाताची नक्कल करत आला. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलमध्ये धर्मग्रंथांच्या हस्तलिखितांचं दाट, टोकदार वळण होतं. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये तिरप्या अक्षरात पुस्तकं काढली. ते वळण विद्वानांच्या आणि दरबारी लेखनिकांच्या हाताचं होतं, आणि खिळे कापले होते फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने. १५५७ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात रोबेर ग्रांजाँने फ्रेंच हस्ताक्षराची नक्कल करणारा टाइप केला. म्हणजे 'हस्ताक्षरासारखा फॉन्ट' ही काही हलकी कल्पना नाही, ती छपाईइतकीच जुनी आहे. मात्र नक्कल झाली ती पुरोहितांच्या, विद्वानांच्या आणि दरबारातल्या हातांची.

कॉमिकच्या फुग्यातलं अक्षर लिहिणारा माणूस बहुधा चित्रकाराहून वेगळा असायचा आणि त्याला पानामागे मजुरी मिळायची. कॉमिक सॅन्सने नक्कल केली ती अशा हाताची.

आपल्याकडे

कॉमिक सॅन्समध्ये देवनागरी नाही. पण 'चांगलं अक्षर' म्हणजे काय, याचा नियम मराठीत फार जुना आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल, सरळ, मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, लेखण्या आणि कागद कसे बाळगावेत, हे सगळं त्यात सविस्तर सांगितलं आहे. कारागिरीचा धडा म्हणून तो आजही उपयोगी आहे. पण तो समास सुरू कुणाला उद्देशून होतो? बाळबोध अक्षर घटवून सुंदर करायला सांगितलं आहे ते ब्राह्मणाला. 'मोत्यासारखं अक्षर' हे कौतुक शाळेत ऐकताना आपल्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

छपाई आली तेव्हा मराठी टाइपने हेच बाळबोध, पोथीचं वळण उचललं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याचा टाइप पुढे कित्येक दशकं देवनागरीचा नमुना मानला गेला. तो देखणा होता, यात शंका नाही. पण नमुना म्हणून समोर होती ती पोथी. शेतकऱ्याचा, मजुराचा, बाईचा हात तिथे नव्हता, कारण त्या हातात लेखणी येऊच दिली नव्हती.

बाबासाहेबांच्या शाळेतला प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे काढून घ्यायला इतर मुलं धावली. त्या विद्यार्थ्याने फळ्यावर अक्षर काढण्याआधीच त्याचा हात नापास झाला होता.

म्हणूनच आपल्या चळवळीचा इतिहास हा अक्षर हातात घेण्याचाही इतिहास आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढलं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढलं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झालं आणि त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून भरले. खिळे विकत घेता आले, रकाने लिहिता आले, तेव्हा आवाज छापला गेला.

जिथे छापखाना परवडला नाही तिथे हात होता. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टोकदार लेखणीने कोरलेली पत्रकं होती. भिंतीवर चुन्याने लिहिलेलं 'जय भीम' होतं. निळ्या कापडावर पांढऱ्या रंगात वस्तीतल्या पेंटरने रंगवलेले बॅनर होते. अक्षरं कधी ओळीच्या शेवटी दाटीवाटीने बसवलेली, कधी एखादी वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झालेली. पण मोर्च्यात ती लांबून वाचता यायची. फ्लेक्स आला आणि तो पेंटर बेकार झाला.

आता तेच रंगवलेलं अक्षर फॉन्ट होऊन परत येतंय. मुंबई लोकलच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा देवनागरी फॉन्ट केला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या लिपी रावल यांनी 'कलम' केला. हस्ताक्षराच्या वळणाचा हा फॉन्ट कुणालाही फुकट मिळतो. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टमध्ये उतरवली आणि 'पेंटर कफील'सारखी नावं त्या पेंटरांवरूनच ठेवली. आम्हाला ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. अक्षर घेतलं तर हाताचं नावही घेतलं.

हसण्याचं समाजशास्त्र

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ च्या 'ला दिस्तँक्सियाँ' या ग्रंथात अभिरुचीची चिकित्सा केली. आपल्याला काय आवडतं हे निव्वळ खासगी नसतं, असं त्यांचं म्हणणं. आवडनिवडीतून माणूस आपला वर्ग दाखवतो, आणि दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडून स्वतःला त्याच्यापासून वेगळं काढतो. कॉमिक सॅन्सला हसणं हे त्याचं सरळ उदाहरण आहे. अक्षर बदललेलं नाही, ते वापरणारे बदलले. शाळेतल्या बाई आणि किराणा दुकानदार ते वापरू लागले, तेव्हा ते 'चीप' झालं.

आपल्या तरुणांना हा अनुभव नवा नाही. 'न' आणि 'ण'वरून वर्गात पिकलेला हशा आपण ऐकलेला आहे. मुलाखतीत उत्तर बरोबर असूनही उच्चाराकडे पाहणारे चेहरे आपण पाहिलेत. जयंतीच्या फ्लेक्सला 'भडक' म्हणणारे लग्नाच्या फ्लेक्सपुढे उभे राहून फोटो काढतात, हेही आपण पाहतो.

पण इथे तोल सांभाळायला हवा. एका फॉन्टची टिंगल म्हणजे जातिभेद नव्हे. तसं म्हणणं हा ज्यांनी खरा अत्याचार सोसला त्यांच्या दुःखाचा अपमान होईल. कॉमिक सॅन्स हे शोषितांचं हत्यार वगैरेही नाही. तो एका बलाढ्य कंपनीने आपला माल खपवताना वाटलेला फॉन्ट आहे. आमचा मुद्दा मर्यादित आहे. मजकूर न वाचता रूपावरून माणसाला खाली बसवण्याची सवय समाजात खोल आहे, आणि शिकलेल्या आंबेडकरी कार्यकर्त्यालाही ती शिक्षणासोबत लागते. आम्हाला लागलीच होती. नाहीतर त्या दिवशी आम्ही मान डोलावली नसती.

मग पत्रक कसं करायचं?

याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. बाबासाहेब मजकुराबाबत किती काटेकोर होते, ते आपण जाणतो. अक्षराबाबतही काटेकोर राहावं, फक्त मोजपट्टी आपली असावी. हसणाऱ्याला काय वाटेल, हे विचारून उपयोग नाही. ज्याच्या हातात पत्रक जाणार त्याला ते वाचता येतं का आणि मजकुराचा सूर त्याच्यापर्यंत पोचतो का, हे विचारावं.

हस्ताक्षरासारखा फॉन्ट बालवर्गाची सूचना, महिला मेळाव्याचं निमंत्रण, आरोग्य शिबिराची चिठ्ठी, चित्रातला संवाद, वाचनालयाची पाटी अशा ठिकाणी चांगला बसतो. मजकूर थोडा, अक्षर मोठं आणि बोलणं घरच्यासारखं असेल तर तो माणसाला जवळ बोलावतो. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन, अत्याचाराचा सत्यशोधन अहवाल, शोकसभेचं पत्रक, पानभर लेख यांना तो नको. तिथे वाचणाऱ्याला लांबवर चालायचं असतं किंवा मजकुराचं वजन पेलायचं असतं.

देवनागरीची एक अडचण वेगळी आहे आणि ती आपल्याला थेट लागते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक फार थोडा. सुरुवातीची गाठ आणि शिरोरेषेतली फट एवढाच. हस्ताक्षराच्या घाईत ती गाठ सुटली आणि रेघ सलग ओढली गेली, की 'धम्म'चा 'घम्म' होतो आणि 'भीम'चा 'मीम'. 'बुद्ध' मधलं जोडाक्षर काही फुकट फॉन्टमध्ये फुटून 'बुद्‌ध' होतं. 'ख' पसरला की 'रव' वाचला जातो. म्हणून छापण्याआधी आपल्या रोजच्या शब्दांवर फॉन्ट तपासावा. धम्म, भीम, बुद्ध, संघ, राष्ट्र, शिक्षण, प्रज्ञा एवढे सात शब्द मोठ्या आकारात लिहून पाहिले की बहुतेक दोष दिसतात. मग प्रौढ वर्गात वाचायला शिकलेल्या एखाद्या आजींपुढे तो कागद ठेवावा. त्या अडखळल्या तर फॉन्ट बदलावा.

या वर्षी आम्ही त्या मुलीकडे पुन्हा गेलो. मागच्या वर्षी आमचं चुकलं, हे तिला सांगितलं. डिझाइन शिकलेला सहकारीही सोबत होता. दोघांना शेजारी बसवलं आणि हे सात शब्द तिच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहायला सांगितले. 'धम्म'वर बोट ठेवून तीच म्हणाली, "हा घ वाटतोय." शीर्षकासाठी तिने जाड, सरळ अक्षर निवडलं. निमंत्रणाच्या चार ओळी मात्र हस्ताक्षरासारख्याच ठेवल्या, कारण "ते माझ्या आईला बोलावल्यासारखं वाटतं." सहकाऱ्याने मापं आणि ओळींमधलं अंतर नीट करून दिलं. पत्रकाच्या तळाशी, मुद्रकाच्या नावाशेजारी, रचना करणाऱ्या दोघांची नावं छापली.

आपापल्या विहारांत, अभ्यासिकांत, मंडळांत अशा मुलामुलींनी मोबाइलवर केलेली पत्रकं येत असतील. ती पाहून पहिल्यांदा हसू आलं तर थांबा आणि आधी मजकूर वाचा. दोष असेल तर तो दाखवा, कसा काढायचा ते शिकवा, पण काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. लेखणी हातात यायला आपल्याला किती पिढ्या लागल्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

जय भीम.